गर्भवतींचा पोषण आहार : खर्च किती आणि फलित किती?

गर्भवती महिलांच्या पोषणावर सरकार किती खर्च करते, याची चर्चा दरवर्षी अर्थसंकल्पाच्या निमित्ताने होते. त्या खर्चातून मातेच्या पोटात प्रत्यक्ष किती अन्न जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. गर्भवती आणि स्तनदा मातांना वर्षातील 300 दिवस, दररोज 600 कॅलरींचा पूरक आहार मिळावा, असा तिचा निकष आहे. 2017 मध्ये त्यासाठी दरडोई दररोज 9 रुपये 50 पैसे हा दर निश्चित झाला. म्हणजे एका महिलेमागे वर्षाला अवघे 2,850 रुपये. कागदावर ही योजना अत्यंत स्वस्त ठरते.

परंतु घरपोच दिलेला शिधा बहुधा सर्व कुटुंबात वाटला जातो आणि मातेच्या वाट्याला त्यातील थोडाच येतो. म्हणूनच तेलंगणाने 2015 मध्ये आणि कर्नाटकाने 2017 मध्ये अंगणवाडीतच गरम जेवण देण्याचा मार्ग स्वीकारला. महाराष्ट्रातील आदिवासी भागांसाठीची अमृत आहार योजनाही याच धर्तीची आहे. शिजवलेले जेवण महाग पडते. मात्र ते मातेनेच खाल्ल्याची खात्री असते. अर्थात, शेतावर मजुरीला गेलेली स्त्री दुपारी अंगणवाडीत पोहोचू शकली नाही, तर हा खर्चही वाया जातो.

वेळेचे महत्त्वही तेवढेच आहे. आफ्रिकेतील गाम्बिया देशात गर्भवतींना शेंगदाण्याची पौष्टिक बिस्किटे देण्यात आली. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, धान्यटंचाईच्या पावसाळी महिन्यांत बालकांचे जन्मवजन सरासरी 201 ग्रॅमने वाढले. सुगीच्या काळात ही वाढ 94 ग्रॅम होती. आहार तोच असताना लाभ मात्र दुपटीहून अधिक झाला. आपल्याकडील अनेक आदिवासी पाड्यांवरही पावसाळ्यातच घरातील धान्य संपते.

केवळ स्वस्ताईने काम भागत नाही, हे लोहाच्या गोळ्यांनी दाखवून दिले आहे. या गोळ्यांचा खर्च नगण्य आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार त्या 180 दिवस घेणाऱ्या माता 26 टक्केच होत्या आणि 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता.

तेव्हा योजनेचे मोल लाभार्थींच्या संख्येवरून किंवा दरडोई खर्चावरून ठरवणे अपुरे आहे. मातेच्या वजनात किती भर पडली आणि बाळ किती वजनाचे जन्मले, या नोंदींशी खर्चाचा ताळा जुळला पाहिजे. अन्यथा सर्वांत स्वस्त वाटणारी योजनाच सर्वांत महाग ठरण्याची शक्यता आहे.