एका पिंजऱ्यातील ससा आणि गिनी पिग

पाळीव प्राण्यांच्या दुकानात मुलांचे पाय कोठे थबकतात, हे दुकानदारास पुरेपूर ठाऊक असते. दर्शनी भागी एक जाळीचा पिंजरा, त्यात तीन-चार पांढरे ससे आणि त्यांच्या कुशीला बिलगून बसलेले तपकिरी, काळे-पांढरे गिनी पिग. कोणी कोणास मारीत नाही, चावत नाही. एकाच ताटलीतून कोबीची पाने खाणे चाललेले असते. "जोडीच न्या, एकमेकांना सोबत होते," असे दुकानदार सांगतो, आणि वाशीम, रिसोड वा कारंज्याहून खरेदीसाठी अकोल्याला आलेले कुटुंब ती जोडी पुठ्ठ्याच्या खोक्यात घेऊन परतीच्या एसटीत बसते.

आठ-दहा दिवसांत गिनी पिग सुस्तावतो. नाकातून पाणी येते, खाणे सुटते आणि एके सकाळी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात निश्चेष्ट आढळतो. ससा मात्र टुणटुणीत असतो. मग घरात चौकशी सुरू होते. याला थंड पाणी कोणी पाजले? सारखे हातात कोण घेत होते? हा आरोप बहुधा घरातील सर्वांत धाकट्या मुलावर येऊन थांबतो. तो अन्यायाचा आहे, हे सांगण्यासाठी आजचे हे सदर लिहीत आहे. पहिल्या पंधरवड्यात दगावणाऱ्या गिनी पिगाचा आजार पुष्कळदा आपल्या घरात सुरू झालेला नसतो. दुकानातील सामायिक पिंजऱ्यातून तो सोबत आलेला असतो.

बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका नावाचा एक जिवाणू आहे. लहान मुलांना डांग्या खोकला ज्या जिवाणूमुळे होतो, त्याचाच हा भाऊबंद. अनेक सशांच्या नाकात व श्वासनलिकेत तो मुकाट वस्ती करून असतो आणि सशाला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. तोच जिवाणू गिनी पिगाच्या फुप्फुसात उतरला, की तीव्र न्यूमोनिया होतो. शिंकेच्या तुषारांतून, सामायिक पाण्याच्या नळीतून, विक्रेत्याच्या हातांतूनही तो पोहोचतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच ते सात दिवस जातात, म्हणजे तोवर प्राणी विकलाही गेलेला असतो. काही गिनी पिगही वरून निरोगी दिसत हा जिवाणू बाळगतात, हे खरे. परंतु त्यांच्या पिंजऱ्यात ससा सोडणे म्हणजे संसर्गाचे आणखी एक दार उघडून ठेवणे होय. त्यात गिनी पिग हा निसर्गात इतरांचे भक्ष्य असलेला प्राणी. दुखणे लपविणे हा त्याचा स्वभाव. त्याची धाप आपल्या लक्षात येते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

प्राण्यांच्या शेजारात काय संक्रमित होते, याचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास आपल्या मुंबईत झाला आणि त्यात गिनी पिगच होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला. तो उंदरांपासून माणसापर्यंत कसा येतो, हे कोडे काही वर्षे सुटले नव्हते. पुढे डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांना मुंबईत प्लेगने मेलेल्या गिनी पिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आढळल्या. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत (हीच पुढे हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली) हा धागा पकडून प्रयोगांची मालिकाच केली. पिसवा नसतील, तर आजारी प्राण्याशेजारी ठेवलेला निरोगी प्राणी वाचे. पिसवा असतील, तर जमिनीवर मोकळा सोडलेला गिनी पिग मरे आणि दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातला मात्र सुखरूप राही, कारण पिसवेची उडी तेथवर पोहोचत नसे. पिसवेला दोन फुटांचे अंतर अडवू शकले. शिंकेला ते अडवू शकत नाही. म्हणून घरी दोन्ही प्राणी असतील तर पिंजरे नुसते वेगळे असून भागत नाही. ते शक्यतो वेगळ्या खोल्यांत असावेत आणि एकाला हाताळल्यावर दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

दुसरी हानी अन्नातून होते, आणि ती अधिक संथ असते. ससा आपल्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार करतो. गिनी पिगाला ते साधत नाही. या एका बाबतीत तो सशाचा नव्हे, तर माणसाचा सोबती आहे. १९०७ मध्ये नॉर्वेत अक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिक यांनी गिनी पिगांना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग झाला. त्यांनी प्रयोगासाठी ससे निवडले असते, तर हाती काहीच लागले नसते. पुढे सेंट-ड्यॉर्डी यांनी वेगळे केलेले द्रव्य म्हणजेच 'क' जीवनसत्त्व, हे १९३२ च्या सुमारास सिद्ध झाले तेही गिनी पिगांवरच. १९३७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. माणसाच्या हिरड्यांचे आरोग्य ज्या प्राण्याने आपल्याला शिकविले, त्यालाच दुकानात सशाच्या खाद्यावर ठेवतात, याला काय म्हणावे?

सशांसाठी बनविलेल्या गोळीखाद्यात 'क' जीवनसत्त्व घालण्याचे कारणच नसते. सामायिक पिंजऱ्यात सामायिक वाटी, आणि वाटीत सशाचे खाद्य. दोन-तीन आठवडे असे गेले की गिनी पिगाचे सांधे दुखू लागतात, तो हालचाल टाळतो, केस खरबरीत होतात, उचलताच किंचाळतो. मूल म्हणते, "याला मी आवडत नाही." त्याला मूल आवडत नाही असे नसते, त्याचे गुडघे सुजलेले असतात.

गिनी पिगाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते, गाभण मादीला अधिक. हे औषधाच्या दुकानातून आणण्याची सहसा गरज नाही. हिरव्या ढोबळ्या मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये ते ८० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे रोज एक मोठी फोड पुरे. कोथिंबिरीच्या चार काड्या उत्तम. आपल्याकडचा जांब, म्हणजे पेरू, या जीवनसत्त्वाने समृद्ध. परंतु त्यात साखर असल्याने आठवड्यातून एखाद-दोन लहान फोडी. पाण्यात थेंब टाकण्याची पद्धत मात्र निरुपयोगी आहे. 'क' जीवनसत्त्व पाण्यात व उजेडात लवकर नाश पावते, आणि चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच पिईनासा होतो. दोघांचेही मुख्य अन्न म्हणजे वाळलेले गवत. त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते गवत चावूनच झिजतात. लसूणघास ही गाईगुरांसाठी चांगली असली, तरी तिच्यातील चुना प्रौढ सशाला व गिनी पिगाला मुतखड्याकडे नेऊ शकतो. ती वाढत्या पिलांपुरतीच ठेवावी. पोळी, बिस्किट, फरसाण यांतले काहीही नको. कांदा-लसूण तर नकोच.

मारामारीविषयी फार लिहीत नाही. दुकानातील सशाचे पिलू आणि गिनी पिग आकाराने सारखेच दिसतात, पण मोठ्या जातीचा पांढरा ससा वर्षभरात चार किलोंच्या घरात जातो आणि गिनी पिग एक किलोच्या आसपासच राहतो. सशाची मागच्या पायांची एक लाथ त्याच्या बरगड्या मोडू शकते. ससा रागाने लाथ मारतो असेही नाही. दचकून उडी मारतानाही ती बसते. शिवाय गिनी पिग शीळ घालून, कुरकुरून, ओरडून बोलतो, तर ससा मौनात, कानांनी आणि पायांनी. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. दुकानात ते बिलगून बसलेले दिसतात, ती मैत्री असतेच असे नाही. भ्यालेले प्राणीही एकमेकांना चिकटून बसतात.

घाईने भरलेल्या पिंजऱ्यात नर-मादी वेगळे केलेले नसतात, ही गोष्ट मात्र पालकांनी गंभीरपणे घ्यावी. गिनी पिगाची मादी अवघ्या चार-पाच आठवड्यांची असताना गाभण राहू शकते. आपण एक प्राणी आणतो आणि दोन महिन्यांत घरात तीन-चार पिले डोळे उघडे ठेवून, अंगभर केसांसह जन्माला येतात. मुले आनंदतात, मादीची मात्र पुष्कळदा दशा होते. उलट, मादी सात-आठ महिन्यांची झाल्यावर प्रथमच गाभण राहिली, तर तिच्या कटीचा सांधा तोवर घट्ट झालेला असल्याने प्रसूती जिवावर बेतू शकते. म्हणजे लवकरही वाईट आणि उशिराही वाईट. खरेदीपूर्वीच लिंगतपासणी करून घेणे हाच सरळ मार्ग.

आता घरातल्या औषधपेटीविषयी. प्राणी शिंकू लागला की मुलांच्या खोकल्याचे उरलेले औषध त्याला देण्याचा मोह होतो. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातील दुसरे प्रतिजैविक सशाला वा गिनी पिगाला तोंडावाटे कधीही देऊ नये. त्यांच्या आतड्यांतील उपकारक जिवाणू या औषधाने मरतात, घातक जिवाणू माजतात आणि न्यूमोनियातून कदाचित वाचला असता असा प्राणी काही दिवसांत जुलाबांनी मरतो. त्यांना चालणारी औषधे वेगळी आहेत आणि ती पशुवैद्यकानेच ठरवावी लागतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा बहुतेक वेळ गाई, म्हशी व शेळ्यांत जातो. तेव्हा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत अशा प्राण्यांवर केव्हा उपचार होतात, याची चौकशी प्राणी आजारी पडण्यापूर्वीच करून ठेवावी. ससा वा गिनी पिग अर्धा दिवस काहीही खात नसेल, तर उद्याची वाट पाहू नये.

आपल्या मुलांना या प्राण्यांपासून काय होऊ शकते, असे पालक विचारतात. सर्वांत अधिक आढळतो तो नायटा. गर्दीच्या पिंजऱ्यात ही बुरशी एका प्राण्यावरून दुसऱ्यावर जाते आणि मग मुलाच्या हातावर वा मानेवर खाजरे, गोल, लाल कडांचे चट्टे उठतात. प्राण्याच्या नाकाभोवती किंवा डोळ्यांपाशी केस गळून खवले पडलेले दिसले, तर तो घरी आणू नये. पाच वर्षांखालील मुलाने एकट्याने प्राणी हाताळू नये, कोणीही त्याचा मुका घेऊ नये, आणि पिंजऱ्यातील भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत.

उन्हाळ्यात तर खरेदी टाळलेलीच बरी. तीस अंशांच्या वर गेले की या दोन्ही प्राण्यांना त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पार असतो. त्या दिवसांत बंद खोक्यातून एसटीचा प्रवास म्हणजे उष्माघाताला निमंत्रण. घरी त्यांना तळमजल्याच्या गार खोलीत ठेवावे; कूलरचा झोत थेट अंगावर नको, पण त्याच खोलीत राहू द्यावे.

दुकानांसाठी कायदा नाही असे नाही. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत ससा व गिनी पिग यांचा नावानिशी समावेश आहे आणि दुकानाची राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. म्हणून नोंदणी प्रमाणपत्र मागून पाहण्यात संकोच नसावा. प्राण्याकडे पाहण्यापूर्वी पिंजऱ्याकडे पाहावे. ससे आणि गिनी पिग एकत्र असतील, एकही प्राणी शिंकत असेल, वाट्या सामायिक असतील, तर मूल कितीही रडले तरी तेथून रिकाम्या हाताने परत यावे. (तुरीच्या शेतात कापणीच्या वेळी सापडणारे पिलू हा वेगळाच प्राणी, रानससा. त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते उचलून घरी आणू नये. त्याची आई दिवसभर दूर राहते आणि अंधारात दूध पाजायला येते.)

ज्यांच्या घरी ही जोडी आधीच एका पिंजऱ्यात नांदते आहे, त्यांनी आजच पिंजरे वेगळे करावेत. एकटा गिनी पिग खिन्न होतो, हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही. मात्र त्याला सोबत हवी असते ती दुसऱ्या गिनी पिगाची. दोन माद्या सहसा गुण्यागोविंदाने राहतात. लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नरही, जवळपास मादी नसेल तर. नव्या सोबत्याला आणल्यावर आधी दोन-तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवावे, रोज वजन करावे. स्वयंपाकघरातला साधा तराजूही चालेल, पण तो मग पुन्हा पिठासाठी वापरू नये.