दैनिक वृत्तपत्र आणि राष्ट्रजीवन : हिंजवडीच्या निमित्ताने

मराठी वृत्तपत्रांच्या राष्ट्रीय कार्याचा विचार आपल्या विद्यापीठीय अभ्यासात बहुधा अग्रलेखांच्या अंगाने होतो. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'तील टिळक-आगरकरांचे लेखन आपण निबंध म्हणून अभ्यासतो आणि ते योग्यच आहे. परंतु 'केसरी' तेव्हा साप्ताहिक होता. मतप्रतिपादन करणारे साप्ताहिक आणि रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारे दैनिक यांचा स्वभाव मूलतः भिन्न असतो. राष्ट्रजीवनाला दोहोंची आवश्यकता असली, तरी दुसऱ्याचे कार्य आपण पुरेसे ओळखलेले नाही.

डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला, तेव्हा मताऐवजी वार्ता केंद्रस्थानी आली. नळ, रस्ते, बाजारभाव यांसारखे विषय छापण्याजोगे ठरले. वरवर पाहता हा राष्ट्रीय प्रश्नांकडून स्थानिकाकडे झालेला संकोच वाटेल. वस्तुतः सामान्य माणसाचे गाऱ्हाणे सार्वजनिक आहे, ही मान्यता त्यातून मिळाली. आणि अशा मान्यतेवाचून राष्ट्र ही संकल्पना पोकळच राहते.

मुळशी तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नेतृत्व आणि पुण्यातील वृत्तपत्रांतील चर्चा यांमुळे मावळ्यांच्या जमिनीचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राचा झाला. त्याच तालुक्यातील हिंजवडीची शेतजमीन विसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहिती तंत्रज्ञान उद्यानाखाली गेली. आज तेथे भारतातील बहुतेक प्रांतांतले लोक काम करतात. राष्ट्र जणू एका रस्त्यावर येऊन उभे आहे. पण ज्याची जमीन गेली तो ग्रामस्थ मराठी दैनिक वाचतो, तर त्या जमिनीवर काम करणारा अभियंता प्रायः इंग्रजी मजकूर वाचतो. रस्ता एक, कोंडीही एक. परंतु वार्ता मात्र दोन.

यात भर पडते ती आवृत्त्यांच्या पद्धतीची. हिंजवडीची बातमी पुण्याच्या पानांत अडकते आणि विदर्भातील वाचकाच्या हाती त्याच नावाचे, पण वेगळ्या मजकुराचे दैनिक पडते. प्रत्येकाला स्वतःच्या गावचे वर्तमान मिळते. दुसऱ्याच्या गावचे दुःख मात्र कळत नाही.

भ्रमणध्वनीवर वार्ता क्षणात मिळत असताना दैनिकाची मातब्बरी ती काय, असा आक्षेप घेतला जाईल. वेगाच्या बाबतीत तो मान्य करावा लागेल. परंतु निवडलेल्या, संपादकाने उत्तरदायित्व पत्करलेल्या आणि सर्वांपुढे एकच म्हणून येणाऱ्या मजकुराची जागा वेगाने भरून निघत नाही.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढताना मराठी व इंग्रजी मजकूर एकाच पत्रात शेजारी-शेजारी छापला होता. परस्परांना अपरिचित असलेल्या दोन समाजांना एकमेकांचे वर्तमान कळावे, ही दृष्टी त्यामागे होती. हिंजवडीसारख्या गावाला आज नेमकी तीच निकड आहे.

मराठी विभागांचे कर्तव्यही येथूनच सुरू होते. अग्रलेखांचे संग्रह निघतात. तालुक्याच्या वार्ता रद्दीत जातात. एका गावाचे शेतीकडून संगणकाकडे झालेले स्थित्यंतर ज्या गद्यात दिवसागणिक नोंदले गेले, त्याचे जतन आणि भाषिक विश्लेषण हा संशोधनाचा विषय मानला पाहिजे. ते गद्य हरवले, तर या स्थित्यंतराची साक्ष केवळ सरकारी दप्तरात उरेल आणि तीत जमीन दिलेल्या माणसाचा आवाज क्वचितच सापडेल.