खाट हक्काची, घर मेहेरबानीचं

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर अधूनमधून एक निरोप फिरतो. मेडिकेडचे प्रोव्हायडर व्हा. दुकान नको, माल नको, डिग्री नको. सरकारी पैसा, खात्रीचा. खाली कुणा सल्लागाराचा नंबर. तो कंपनी काढून देणार, प्रोव्हायडरचा दहा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे एनपीआय, मिळवून देणार, नियम-धोरणांची तयार फाइल देणार, अर्जही तोच भरणार. फी मात्र आगाऊ. अशाच एका सल्लागाराने भरवलेल्या जेवणाला मी मुद्दाम गेले होते. नर्सिंग होममध्ये अडकलेल्या माणसांना पुन्हा घरी राहता यावं म्हणून जी सेवा आहे, ती तिथे 'सध्याची सगळ्यात सोपी लाइन' म्हणून विकली जात होती. अख्ख्या संध्याकाळीत माणसाचा उल्लेख झाला नाही, बिलातल्या 'युनिट'चा झाला. श्रोत्यांमधून पहिला प्रश्न आला: "एका क्लायंटमागे सुटतात किती?"

मी मिनियापोलिसमध्ये हेच काम करते. म्हणून स्पष्ट सांगते, हा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचा प्रकार आहे. पण एवढं बोलून थांबले तर सल्लागारांना झोडपण्याचं समाधान मिळेल आणि खरा गुन्हेगार सुटेल. ज्या व्यवस्थेने माणसाला कोंडण्याचा रस्ता सरळ ठेवला आणि सोडवण्याच्या रस्त्यावर चिखल करून ठेवला, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

मेडिकेडचा कायदा ३० जुलै १९६५ चा. गरिबांच्या उपचारांचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. या कायद्यात नर्सिंग होमची सोय प्रत्येक राज्याला द्यावीच लागते. पात्र माणसाला 'कोटा संपला' असं राज्य म्हणू शकत नाही. त्याच माणसाला तीच देखभाल घरी हवी असेल, तर बहुतेक सेवा ऐच्छिक आहेत. १९८१ पासून राज्यांना 'वेव्हर' मिळतो, म्हणजे नियमाला मुरड घालून घरी सेवा देण्याची परवानगी. पण त्यात किती लोकांना घ्यायचं यावर राज्य मर्यादा घालू शकतं आणि उरलेल्यांना रांगेत उभं करू शकतं. २०२४ मध्ये देशभरच्या या रांगांमध्ये सात लाखांवर माणसं होती. खाट हक्काने मिळते, घर मेहेरबानीने. या लेखातली बाकी सगळी चीड या एका वाक्यातून निघते.

हा वेव्हर आला तेव्हाची गोष्ट विसरण्यासारखी नाही. आयोवातली केटी बेकेट ही तीन वर्षांची मुलगी मेंदूच्या संसर्गानंतर व्हेंटिलेटरवर होती. तिला घरी नेता येईल असं डॉक्टर सांगत होते, घरी खर्चही कमी होता. पण हॉस्पिटलात असेल तरच मेडिकेड पैसे देणार होतं. हा वेडेपणा खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांसमोर बोलून दाखवला आणि तिच्यासाठी नियम वाकवला गेला. चार दशकं उलटली, पाया तोच आहे.

मग आला ऑल्मस्टेड खटला. जॉर्जियातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींना, त्या बाहेर राहू शकतात असं डॉक्टरांनी सांगूनही, सरकारी मनोरुग्णालयातच ठेवलं होतं. २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की अपंग माणसाला विनाकारण संस्थेत डांबणं हा भेदभाव आहे. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं. लोइस पुढे चित्रकार झाल्या, व्हाइट हाउसमध्ये जाऊन ओबामांना त्यांनी आपलं चित्र दिलं. फोटो सुंदर आहे. पण त्याच निकालात राज्यांना एक पळवाटही मिळाली: रांग वाजवी वेगाने पुढे सरकत असेल तर राज्याचा बचाव ऐकला जाऊ शकतो. राज्यांनी निकाल भिंतीवर टांगला आणि पळवाट वापरायला घेतली.

एका गृहस्थांचं सांगते. शहर बसच्या डेपोत मेकॅनिक होते. पक्षाघाताने डावी बाजू गेली, हॉस्पिटलातून नर्सिंग होममध्ये आले, 'थोड्या दिवसांसाठी'. भाडं थकलं, खोली गेली, मालकाने सामान बाहेर काढलं. त्यात जन्मदाखलाही गेला. मेहनती माणूस. काठी घेऊन चालू लागले. थेरपीच्या स्वयंपाकघरात एका हाताने अंडं फोडायला शिकले. टरफलाचा तुकडा पडला की तोही चमच्याने काढायचे. डॉक्टर म्हणाले, हे घरी राहू शकतात. आता जायचं कसं?

नर्सिंग होममध्ये मेडिकेडवर असलेल्या माणसाची पेन्शन जवळजवळ सगळी संस्थेकडे जाते. हातखर्चाला जी रक्कम ठेवायची तिची केंद्राने ठरवलेली किमान मर्यादा महिन्याला ३० डॉलर आहे. १९८८ पासून तीच. काही राज्यं थोडे जास्त देतात, पण त्यातच केस कापायचे, मोबाइल भरायचा, चपला घ्यायच्या. या पैशांतून घराची अनामत कोण साठवणार? साठवलीच तरी एसएसआय या सरकारी भत्त्यावरच्या एकट्या माणसाला २,००० डॉलरपेक्षा जास्त बचत ठेवता येत नाही. ही मर्यादा १९८९ ची. आधी माणसाला कफल्लक करायचं आणि मग 'त्यांना बाहेर परवडणार नाही' असा शेरा मारायचा, ही या व्यवस्थेची रीत आहे.

घरमालकाला फोटो असलेलं ओळखपत्र हवं. यांचं मुदत संपलेलं. नवं काढायला जन्मदाखला हवा, दाखला दुसऱ्या राज्यातून यायचा, आणि तो मागवायला फोटो असलेलं ओळखपत्र हवं. हे चक्र तोडणं हेच आमचं काम. त्याला ना ग्लॅमर आहे ना युनिटचा हिशोब. फोन धरून बसायचं, नोटरी शोधायचा, चर्चच्या तळघरातून पलंग आणायचा, न्हाणीघरात आधाराची दांडी बसवून घ्यायची, घरी येणारी मदतनीस पहिल्याच दिवशी हजर राहील ना याची तीनतीनदा खातरजमा करायची.

आणि एक प्रश्न. २०१० पासून नर्सिंग होमला ठरावीक मूल्यमापनाच्या वेळी रहिवाशाला विचारावं लागतं: इथून बाहेर पडून समाजात राहण्याच्या शक्यतेबद्दल कुणाशी बोलायचं आहे का? 'हो' म्हटलं की स्थानिक यंत्रणेला कळवणं बंधनकारक. या गृहस्थांना तो प्रश्न दारात उभं राहून, टीव्ही चालू असताना विचारला गेला. पक्षाघातानंतर त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. कर्मचारी थांबला नाही, फॉर्मवर 'नाही' पडलं. एका खुणेने माणसाचे कित्येक महिने गेले. त्या संस्थेला कुणी जाब विचारला नाही. भरलेल्या खाटेचे पैसे मिळतात, रिकाम्या खाटेचे मिळत नाहीत. एवढं साधं कारण असताना आपण दयाळूपणाच्या जाहिरातींवर विश्वास ठेवतो.

आता प्रोव्हायडर होण्याकडे येते. २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर छाननी कडक झाली असं सांगतात. धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत, कमी, मध्यम आणि जास्त. मध्यमपासून पुढे न सांगता भेट, सगळ्यात वरच्या पायरीला बोटांचे ठसे. पाच टक्के आणि त्याहून जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाचं नाव द्यायचं, सरकारी बंदीच्या यादीत आपण नाही हे दाखवायचं, आणि किमान पाच वर्षांतून एकदा नोंदणीची पुन्हा तपासणी. हे सगळं हवंच, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण केंद्राच्या या छाननीत कुणी विचारत नाही की आजवर तुम्ही एका तरी माणसाला घरी नेलं आहे का, आणि नेलेला माणूस सहा महिन्यांनी कुठे आहे. तपासतात तो कागद. कागद सल्लागार विकत देतो.

पैशाची बाजू त्याहून वाईट. केंद्राने २००२ मध्ये राज्यांना कळवलं की वेव्हरमधून स्थलांतराचा एकरकमी खर्च करता येईल: अनामत, वीज-गॅसच्या जोडण्या, जरुरीपुरतं फर्निचर, सामान हलवणं, ढेकूण-झुरळांचा बंदोबस्त. भाडं नाही, किराणा नाही. नर्सिंग होममध्ये भाडं आणि जेवण मेडिकेड भरतं, स्वतःच्या घरात भरत नाही. शिवाय ही सेवा 'दिली' असं धरायचं ते माणूस संस्थेबाहेर पडून वेव्हरमध्ये आला की. तोवर अनामत आणि पलंग सगळी पदरमोड. घरमालक खोली अडवून ठेवायला तयार नसतो, मूल्यमापनाची तारीख पुढे जाते, मध्येच न्यूमोनिया होतो. प्रामाणिक छोटी संस्था यात महिनोनमहिने कर्ज काढून तग धरते. ज्याला काम करायचंच नाही, फक्त बिलं टाकायची आहेत, त्याला मात्र काहीच अडत नाही.

पुढचं माझ्या राज्यात घडलं. मिनेसोटाने २०२० मध्ये 'हाउसिंग स्टॅबिलायझेशन सर्व्हिसेस' सुरू केली. बेघर आणि संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या अपंग माणसांना घर शोधून देणं आणि ते टिकवायला मदत करणं यासाठी मेडिकेडचा असा वापर करणारं हे पहिल्या राज्यांपैकी एक. वर्षाला २६ लाख डॉलर लागतील असा अंदाज होता. २०२४ मध्ये दहा कोटींच्या वर गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये या सेवेत फसवणूक केल्याचे आरोप आठ जणांवर केंद्रीय न्यायालयात ठेवले गेले. इथे शिरायला अडथळे नव्हते आणि नोंदीही फारशा ठेवाव्या लागत नव्हत्या, असं सरकारी वकिलांनीच सांगितलं. म्हणजे दार राज्याने उघडं टाकलं होतं, आणि अंदाजाच्या कितीतरी पट पैसा जाताना वर्षानुवर्षं कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मग राज्याने काय केलं? ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस सेवाच बंद केली.

याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. नर्सिंग होममध्ये गैरव्यवहार उघडकीस आले तर चौकशी होते, दंड होतो, मालक बदलतो. पण खाटांचं कलम कुणी रद्द करत नाही, कारण कायदा तसं करूच देत नाही. घरी नेणाऱ्या सेवेत चोर सापडले की सेवाच रद्द. चोरांनी खाल्लं आणि शिक्षा झाली ती ज्यांच्या हातात भाडेकराराचा कागद येणार होता त्यांना. आणि आपल्या गटांवर चर्चा कसली रंगली? आरोपी कोणत्या समाजाचे, याची. खोलीविना परतलेल्या माणसाबद्दल एक ओळ नाही. जे काल 'एका क्लायंटमागे किती' विचारत होते, तेच आज दुसऱ्या समाजाकडे बोट दाखवत होते.

घरी नेणं जमतच नाही, असं म्हणायचीही सोय नाही. 'मनी फॉलोज द पर्सन' हा केंद्राचा कार्यक्रम २००५ च्या कायद्यातून आला. पैसा संस्थेला न बांधता माणसामागे न्यायचा, ही त्यामागची कल्पना. त्यातून एक लाखावर माणसं संस्थांमधून बाहेर पडली. सुरुवातीला सहा महिने संस्थेत काढलेल्यांनाच तो मिळे. ती अट २०१० मध्ये ९० दिवसांवर आणि २०२० च्या अखेरच्या कायद्याने ६० दिवसांवर आली. रीत माहीत आहे, अनुभव आहे. नाही ती कायमची हमी. काँग्रेस दर वेळी काही वर्षांची मुदत वाढवून हात झटकते. त्यातच जुलै २०२५ च्या कायद्यामुळे मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरने घटेल असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. तिजोरी आटली की राज्यं बंधनकारक खर्चाला हात लावू शकत नाहीत, कात्री ऐच्छिक सेवांवर चालते. म्हणजे पुन्हा घरावर.

हे परक्यांचं दुखणं नाही. १९६५ च्याच इमिग्रेशन कायद्याने ज्यांना या देशाचं दार उघडलं, ती आपली पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मुलं दुसऱ्या किनाऱ्यावर, जोडीदार गेलेला, बचत आजारपणात संपलेली. त्यांच्यातले काही त्याच खाटांवर येणार आहेत.

म्हणून दोन गोष्टी मागते. प्रोव्हायडर व्हायचा विचार करत असाल तर सल्लागाराला फी देण्याआधी एखाद्या जुन्या संस्थेत बिनपगारी काम करा आणि एक माणूस शेवटपर्यंत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या दाराच्या कुलपापर्यंत, पोचवून पाहा. ते नको असेल तर अर्ज भरू नका. राज्याकडूनही मला हेच हवं आहे: घरी पोचलेला आणि घरी टिकलेला माणूस पाहून पैसे द्या, आणि ते वेळेवर द्या.

आणि ज्यांचं कुणी नर्सिंग होममध्ये आहे त्यांनी पुढच्या भेटीत बाहेर पडण्याचा तो प्रश्न कधी विचारला आणि फॉर्मवर काय उत्तर लिहिलं, हे संस्थेला विचारा. चुकीचं असेल तर दुरुस्त करायला लावा. दाद मिळाली नाही तर प्रत्येक राज्यात दीर्घकालीन देखभालीसाठी ऑम्बड्समन नेमलेला आहे. तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. फोन करा.