बसची काच बदलताना पाय ठेवायचा कुठे?

बस असो वा मालट्रक, समोरच्या काचेची वरची कड जमिनीपासून आठ-दहा फुटांवर असते. गॅरेजमध्ये मग बंपर, टायर किंवा उलटा ड्रम हीच शिडी ठरते.

धोका नेमका कुठे?
काचेच्या तड्यात रेझिन भरायला दोन्ही हात लागतात. शिडीवर एक हात आधारालाच जातो. अख्खी काच बसवताना दोघे-तिघे मिळून वजन पेलतात. एकाचा पाय घसरला, की सगळ्यांचा तोल जातो.

उपाय काय?
- गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून उभी करावी.
- कठडा आणि लॉक होणारी चाके असलेले लोखंडी मचाण वापरावे.
- काच व्हॅक्यूम कपने धरावी.

कायद्याचे काय?
उंचीवरून पडण्याचा धोका असेल तिथे कठड्यासारखे संरक्षण हवे, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ३२ ने सांगितले होते. पण दोन-चार कामगारांचे गॅरेज कारखाना ठरत नाही. म्हणूनच काम देणाऱ्या ट्रॅव्हल्स मालकांनी आणि वाहतूकदारांनी काचेचा दर विचारताना ‘मचाण आहे का?’ हेही विचारायला हवे.