जुन्या वाड्यांतील जातें कोणी ओढावें?

जुन्या काळाचें वेड हें सध्यां आमच्या सुशिक्षित वर्गांत सुखवस्तुपणाचें एक लक्षणच होऊन बसलें आहे. लग्नांत फेटे आणि नऊवारी, दिवाणखान्यांत पितळी समया, सुटींत शेणानें सारविलेल्या घरीं दोन दिवसांचा मुक्काम, आणि परततांना 'आपले आजेपणजे किती सुखी होते!' हा उद्गार. पोशाखाविषयीं वा भांड्यांविषयीं आमची तक्रार नाहीं. हौसेला मोल नसतें. तक्रार आहे ती त्या उद्गाराविषयीं. तो निवाडा आहे, आणि तो एका पक्षाची साक्ष न घेतां दिलेला आहे.

जात्याचेंच उदाहरण घ्या. जात्यावरच्या ओव्यांचें माधुर्य कोणास ठाऊक नाहीं? हेमा राईरकर व गी पॉइटवां या अभ्यासकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहांत माहेरची ओढ आहे, सीतेचा वनवास आहे, सासुरवासाचे कढ आहेत. पहांटेच्या अंधारांत, घर निजलेलें असतां, दोन हात आणि एक दगड यांच्या सोबतीस कांहींतरी हवें म्हणून हें गाणें जन्मास आलें. पुढें गांवांत पिठाची गिरणी आली, आणि या बायकांनीं जातें कोपऱ्यांत सारलें. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. ज्यांनीं तें जीवन जगून पाहिलें, त्यांनीं निवडीची पहिली संधि मिळतांच आपला कौल दिला. मग आम्ही कोणाच्या वतीनें हळहळतों?

यावर असें म्हणण्यांत येईल कीं, श्रम होते हें खरें, पण समाधानही होतें. कोणाचें समाधान? ज्या वाड्याच्या चौकांत तुळशीवृंदावन होतें, त्याच वाड्याच्या माजघरांत केशवपन केलेली बालविधवाही होती. 1891 सालीं मुलीचें संमतिवय दहावरून बारा करावयाचें ठरलें, तेवढ्यानें पुण्यांत धर्म बुडाल्याची ओरड झाली. धोंडो केशव कर्वे यांनीं 1893 सालीं एका विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्यांच्या मुरुड गांवानें त्यांना वाळींत टाकलें. त्यांनीं 1896 सालीं विधवांसाठीं आश्रम काढला, तो त्या समाधानाच्या पोटांतूनच काढावा लागला!

वाड्याची ही कथा, तर गांवाची याहून कठोर. 'स्वयंपूर्ण खेडें' असें ज्याचें कौतुक होतें, त्या खेड्याचा गाडा वतनाच्या जोखडावर चाले. हें जोखड घेऊन पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या महारांस तेथलें पाणीही मोकळें नव्हतें. 1927 सालीं महाडास डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोक चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां मागाहून सनातन्यांनीं तें तळें 'शुद्ध' करून घेतलें. महारकीचीं वतनें कायद्यानें रद्द होण्यास 1958 साल उजाडावें लागलें.

मौज अशी कीं, गतकाळाच्या स्वप्नांत प्रत्येकजण वाड्याचा धनीच असतो. पाणक्या, कुणबीण, माजघरांतील आत्या यांपैकीं आपण कोणी झालों असतों, हें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

तथापि या ओढीच्या मुळाशीं एक खरी भूक आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. बंद दारांच्या सदनिकांतून शेजाऱ्याचें नांव ठाऊक नसतें. दिवसभर राबूनही हातून कांहीं घडल्याचें समाधान लाभत नाहीं. ही उणीव आजची आहे, आणि तिचें औषधही आजच्याच जीवनांत शोधावें लागेल. ओसरी हवी असेल, तर आपलें दार उघडें ठेवावें, आणि तें सर्वांस उघडें ठेवावें. घरच्या जेवणाची गोडी हवी असेल, तर घरच्या पुरुषांनीं पोळपाट-लाटणें हातीं घ्यावें. पूर्वजांचा अभिमान हवा असेल, तर वाळींत पडूनही जे डगमगले नाहींत, त्यांचा धरावा. तेही आपलेच पूर्वज होत.

एवढें करवत नसेल, तर निदान आजेपणजांच्या सुखाची ग्वाही देण्यापूर्वीं एकदां पणजीस विचारून पाहावें. ती आज नाहीं. पण तिच्या ओव्या आहेत.