आधी काय पाहिलंत, ते सांगा!

परवा प्राण्यांच्या भावनांवरचं आणखी एक लोकप्रिय पुस्तक अर्ध्यावर मिटलं. प्राण्यांना भावना असतात की नाही, हा माझा वादच नाही. असतात. पण पानापानावर हत्ती ‘शोकाकुल’, कुत्रा ‘कृतज्ञ’, आणि लेखकाने डोळ्यांनी पाहिलं काय, ते मात्र शोधत बसा!

चवथीला आमच्या कुत्र्याने डब्यातल्या नेवऱ्या फस्त केल्या. आई ओरडली तसे त्याचे कान पडले, शेपटी पायांत गेली. “बघ, चूक कळलीय त्याला!” आईचा निकाल. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने नेमका हाच चेहरा तपासला. तिचा निबंध २००९ चा. ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं, अशा काही कुत्र्यांच्या मालकांना तिने ‘याने खाल्ला’ असं खोटंच सांगितलं. मालक रागावले आणि निरपराध कुत्र्यांनीही तोच अपराधी चेहरा केला. तो चेहरा रागावण्याला दिलेलं उत्तर होता, चोरीची कबुली नव्हे. आईचं सोडा, ती पुस्तकं लिहीत नाही.

डार्विनचा या विषयावरचा ग्रंथ १८७२ चा. त्यातला कुत्रा ताठ चालत येतो, शेपटी वर, मानेवरचे केस उभे. समोर आपला मालकच आहे हे कळताच अंग लवतं, शेपटी खाली येऊन हलू लागते. कुत्रा मला दिसतो, म्हणून डार्विनशी वादही घालता येतो. ‘शोकाकुल’शी कसा घालणार?

कोरडेपणा हा काही यावरचा उपाय नव्हे. जेन गुडॉलच्या पहिल्या निबंधात संपादकाने चिंपांझींचे ‘ही’ आणि ‘शी’ खोडून ‘इट’ केले होते. तिने ते परत घातले. (आपल्याकडे म्हैस ती आणि वासरू ते, त्यामुळे या भांडणाची धार मराठीत येत नाही.) तिने केलं ते बरोबरच.

फ्रान्स द वाल यांच्या २०१९ च्या पुस्तकाचं नाव ‘मामाज लास्ट हग’. नाव ऐकून मी नाक मुरडलं होतं. आत मात्र मामा ही जवळपास ५९ वर्षांची मरणासन्न चिंपांझी जुन्या परिचयाच्या प्राध्यापकाला ओळखून दात दाखवते, हात लांबवून त्याच्या मानेवर बोटांनी थोपटते. रडणाऱ्या पिल्लाला चिंपांझी असंच थोपटतात, असं लेखक सांगतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्या बोटांमुळे.

अर्ध्यावर मिटलेलं ते पुस्तक कुणाला हवं असेल तर खुशाल घेऊन जा.