आठ हजारावी नोंद

अमेरिकेतील फीबी स्नेट्सिंगर या गृहिणीस १९८१ साली त्वचेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आयुष्य जेमतेम वर्षभराचे, असे डॉक्टरांनी सांगितले. अंथरूण न धरता त्या अलास्कात पक्षी पाहावयास गेल्या. पुढे अनेक देश हिंडल्या. पाहिलेल्या प्रत्येक जातीची नोंद त्या कार्डांवर ठेवीत, पेढीवर रोजमेळ लिहावा तशी. संग्रह खरा, पण परिग्रह नव्हे. पक्षी रानातच राहत. १९९५ साली मेक्सिकोत त्यांनी आठ हजारावी जात पाहिली. हा टप्पा तोवर कोणीच गाठला नव्हता. नावे बाजूही मात्र लहान नव्हती: या ध्यासापायी आईची अंत्ययात्रा चुकली, एका मुलीचे लग्नही. १९९९ साली मादागास्करात पक्षिदर्शनाच्या प्रवासातच त्यांना मृत्यू आला. कर्करोगाने नव्हे, वाहन अपघातात.